आई टीव्हीला, बाबा हातात

रविवारी मी दात घासून हॉलमध्ये येईपर्यंत आईचा टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल झाला होता आणि बाबांचा हातात धरून खेळायचा. आई टीव्हीखालच्या फळीवर होती. काळी, रुंद, पुढे एक निळा दिवा. बाबा सोफ्यावर पडले होते. पातळ, दोन्ही बाजूंना बटणं. मी अजिबात घाबरले नाही. खरं तर कोणाचं काय होणार हे मला आधीच सांगता आलं असतं. बाबा औषध कंपनीत, कायम फिरतीवर. आई घरातच शिकवण्या घेते.

चहाच्या वेळेला बैठक होती. आईच्या बाजूने भास्करमामा आले, बाबांच्या बाजूने कुंदाआत्या. ही दोघं आता एका घरात चालणार नाहीत, हे मोठ्यांचं ठरून गेलं होतं. राहिला होता तो माझा प्रश्न. मी ज्याला निवडेन ते घरात राहणार, दुसऱ्याला पाहुणे उचलून नेणार. मामा त्यासाठी थर्माकोल लावलेलं खोकं घेऊन आले होते. आत्याची पर्स मोठी होतीच.

"पोरीला कशाला मध्ये घेताय?" आत्या म्हणाली.

"मग कोण बोलणार? तुमचे बंधू? दाजींचा आवाज तर डास गुणगुणल्यासारखा येतोय."

"येऊ दे. निदान वहिनींसारखे तापत तरी नाहीत."

"ऐकू येतंय मला," आई म्हणाली. तिचा आवाज हॉलच्या चारही कोपऱ्यांतून आला.

"मी बोलते," मी म्हणाले आणि उभीच राहिले.

सांगते का ते. मागच्याच महिन्यात मी आंतरशालेय वादविवादात पहिली आले, तेही एकाच विषयावर दोन्ही बाजूंनी बोलून. त्याआधी मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. आता मला माईकपासून ओढून काढावं लागतं. आणि आजच्या बैठकीचा विषय काय, तर व्हिडिओ गेम! म्हणजे माझाच! मी मनात पक्कं केलं, दोन्ही बाजू इतक्या भारी मांडायच्या की कुणाला न्यायची कुणाची हिंमतच होऊ नये.

"आईचं चित्र मोठं," मी सुरुवात केली. "डोंगर दाखवला तर त्याच्यावरचं गवत हलताना दिसतं. चौघं मिळून खेळू शकतात. चार्जिंगची कटकट नाही."

मामांनी मान डोलावली. तेवढ्यात बाबांच्या बॅटरीची एक काडी गेली. चार्जर ते नेहमीप्रमाणे कुठल्यातरी लॉजवर विसरून आले होते.

मी लगेच बाबांकडे वळले. "पण बाबा कुठेही येतात! एसटीत, सहलीला, पांघरुणात. लाइट गेली तरी चालू. पडदा छोटा असला म्हणून काय झालं, तो फक्त माझ्यासाठी असतो."

आईची वायर हातभर आखूड झाली. प्लग भिंतीतच होता, म्हणून भिंत पुढे आली. भिंतीवरचं घड्याळ आत्याच्या अंबाड्याला लागलं.

"भिंत सरकली हो," आत्या म्हणाली.

"बोलू द्या तिला. काय सुरेख बोलतेय पोर!"

बाबांची काडी परत यावी म्हणून मी बाबांची बाजू आणखी जोरात मांडली. काडी आली नाही. भिंत आली. मग आईसाठी बोलले. वायर होती तेवढीच राहिली, बाबांची आणखी एक काडी गेली. मग मी डोकं चालवलं आणि दोष सांगून पाहिले. बाबांची डावी जॉयस्टिक सैल झालीय, कुणी हात लावला नाही तरी ते एका बाजूला सरकत राहतात. आई पटकन सुरू होत नाही, आधी जुनं सगळं उगाळून अपडेट करत बसते.

"अगदी बरोबर!" आत्या आणि मामा एकदम म्हणाले. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं पटलं. त्या वाक्याला दोघांचंही कमी झालं.

आता मामा, आत्या आणि माझे गुडघे एकमेकांना टेकले होते. माझ्याकडे शेवटचा मुद्दा होता, हुकमी. हल्ली दोन्ही मिळून एक येतो. हातातला नेऊन घरच्या स्टँडमध्ये बसवायचा, की तोच टीव्हीवर दिसतो. माझ्या वर्गातल्या रेवाकडे आहे. मी आईला वळवलं. तिच्या पाठीत बरोबर तशी खाच होती. मी बाबांना तिथे लावलं आणि दाबलं.

"जोर लावू नकोस, जुई," आई म्हणाली. "मोडेल."

"पूर्वी बसायचो," बाबा म्हणाले. ते इतकं बारीक होतं की मला आणि आईलाच ऐकू आलं.

आईच्या आतला पंखा एकदम जोरात फिरला आणि थांबला.

"झालं तुझं?" मामा म्हणाले. "आता एका शब्दात सांग बाळा. आई की बाबा?"

मी तोंड उघडलं. मुद्दा नव्हता. मग मी ठरवलं, गप्पच बसायचं. मी बोललेच नाही तर कुणाचं काही कमी होणार नाही. आणि खरंच झालं नाही. भिंत जागेवर थांबली. फक्त आई आणि बाबा दोघं एकाच वेळी म्हणाले, "कॅसेट घातलेली नाही."

कित्येक वर्षांत ते असे एका सुरात बोलले नव्हते.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यानेही. मग मीही खाली पाहिलं. माझ्या कडा गेमच्या कॅसेटसारख्या सरळ झाल्या होत्या. पोटावर शाळेच्या ओळखपत्रातला फोटो चिकटवलेला होता आणि तळव्यांवर ओळीने सोनेरी पट्ट्या होत्या.

"आधी दादात बघू," आत्या म्हणाली. बाबांमध्ये मी खांद्यापाशी अडकले.

"द्या इकडे, कुंदाताई." आईत मी पूर्ण गेले, पण आत खडखडत राहिले. कशालाच टेकले नाही.

"कॅसेट घातलेली नाही."

"धूळ बसली असेल," मामा म्हणाले. त्यांनी मला बाहेर काढलं, उलटं धरलं आणि तळव्यांवर फुंकर मारली. परत घातलं.

"कॅसेट घातलेली नाही."

"तुमच्या फुंकरीत दमच नाही, भास्करराव. आणा." आत्याच्या श्वासाला वेलदोड्याच्या चहाचा वास होता. तिने दोनदा फुंकलं, पदराने पुसलं, बाबांमध्ये कोंबलं, काढलं आणि मामांकडे दिलं.

उलटी असल्यामुळे मला छत खाली दिसत होतं. भिंत पुन्हा सरकायला लागली होती. बाबांची शेवटची काडी लाल होऊन लुकलुकत होती. लवकर करा, एवढंच मला सांगायचं होतं, पण कॅसेट बसल्याशिवाय तिला आवाज नसतो.

मामांनी पुन्हा गाल फुगवले.