चौथा सोनेरी ठिपका

मित्रांनो, मी फोनची एक जुनी बॅटरी आहे. फुगलेली नाही, गळकी नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण जुनी म्हटलं की लोक आम्हाला मेलेल्या पालीसारखं चिमटीत उचलतात. मी फक्त थकले आहे. पूर्वी सकाळी पोट भरलं की रात्रीपर्यंत पुरायचं, आता दुपारी एकलाच डोळे मिटायला लागतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोटात वीज साठवणारे पातळ थर गुंडाळून भरले आणि वरून वेष्टन घातलं. त्या वेष्टनाच्या आत तांब्याची बारीक पट्टी वेटोळी करून चिकटवली, चकलीसारखी, फक्त चौकोनी. माझ्या कडेला सोनेरी ठिपके आहेत चार. तीन ठिपके विजेच्या कामाचे. चौथा त्या चकलीचा, आणि माझा सगळा तोरा त्या चौथ्या ठिपक्यावर आहे.

ती चकली काय करते, ते ऐका. फोनमधली चिप तिच्यात वीज सोडते आणि ती सेकंदाला एक कोटी पस्तीस लाखांहून जास्त वेळा मागेपुढे होते. त्यामुळे फोनच्या पाठीशी तीनचार बोटांपर्यंत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तशीच वेटोळी असलेली दुसरी वस्तू तिथे आली, की तिच्या वेटोळ्यातही वीज जागी होते. मग ती वस्तू त्या क्षेत्राला कमीजास्त ओढ देत राहते, फोन ती ओढ ओळखतो आणि निरोप पोचतो. याला एनएफसी म्हणतात. हातभर लांब गेलं की मात्र दोघंही मुके. आमचं सगळं बोलणं कानाला लागून चालतं.

पुष्कर आणि रेवती यांच्या घरी मी आले, ती दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात. रेवती केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला, पुष्कर नोएडाच्या एका आयटी कंपनीत. फोन रेवतीचा. तो दणकट, नखाने मागचं झाकण उघडता येणारा, कारण रेवतीच्या हातून फोन पडतात. पहिली दोन वर्षं माझ्या चकलीला कुणी विचारलंही नाही. फोनवर गाणी वाजली, बिलं भरली गेली, पण चौथा ठिपका रिकामा बसून होता. मला फार वाईट वाटे.

मग त्यांची मुलगी इशिता आजारी पडली. आठ वर्षांची पोर रोडावली, तांबेच्या तांबे पाणी प्यायला लागली. डॉक्टरांनी टाइप वन मधुमेह सांगितला. तिच्या दंडावर नाण्याएवढा एक सेन्सर लागला. फोन त्याला टेकवायचा, की रक्तातली साखर किती आणि ती चढतेय की उतरतेय, दोन्ही कळतं. तिथून माझे खरे दिवस सुरू झाले. दिवसातून दहादा मी हाक मारायची आणि सेन्सरने उत्तर द्यायचं. रेवती सगळ्यांना सांगे, या फोनमुळे मी रात्री झोपते. फोनमुळे! माझं नाव कुणी घेत नसे. पण फोन टेकवून आकडा पाहिल्यावर तिचे खांदे खाली येत, ते मला दिसायचं आणि माझं मन भरायचं.

एक गोष्ट मात्र मला खटकत असे. रेवती इशिताला काही विचारत नसे, ती फोनला विचारे. पोरगी हिरमुसली, फोन टेकव. पोरगी खिदळली, फोन टेकव. कसं वाटतंय, हा प्रश्न त्या घरातून हळूहळू नाहीसाच झाला.

तीन वर्षं अशी गेली. इशिता अकरा वर्षांची झाली आणि मी म्हातारी झाले.

चौदा जानेवारीला दिल्लीच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबला जायची होती. तिथल्या लढाईत पडलेल्यांची आठवण म्हणून मराठी माणसं त्या दिवशी तिथे जमतात. त्या सकाळी सहा वाजता रेवतीने फोन टेकवला, साखर एकशे छत्तीस होती. तिने न्याहारीपुरतं इन्सुलिन दिलं. लगेच पुष्करने फोनचं झाकण काढलं.

"यार, ही एक वाजता मरते. आज दिवसभर बाहेर आहोत," असं म्हणत त्याने मला उपसून काढलं आणि बाजारातून आणलेली नवीकोरी बॅटरी बसवली. फोन लावून पाहिला, कॅमेरा पाहिला. सगळं बिल्कुल ठीक. सेन्सर तेवढा पाहिला नाही, कारण आत्ताच तर पाहिला होता. आता पॉवर बँकही नको म्हणून ती फळीवरच ठेवली. मला त्याने केराच्या डब्यात टाकलं.

मला डब्यातून काढलं इशिताने. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मला रुमालात गुंडाळून तिने जॅकेटच्या खिशात घातलं. इतकी वर्षं मी तिची साखर पाहत होते, हे त्या घरात तिला एकटीला ठाऊक असावं, असं मी आपलं समजते.

बसमध्ये तिला मळमळलं, म्हणून तिने अर्धाच पराठा खाल्ला. काला अंबला पोचलो तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. हार झाले, भाषणं झाली आणि मग संक्रांत म्हणून मंडळाच्या कुमुदकाकूंनी तिळगुळाचा डबा उघडला. कुमुदकाकू सत्तरीच्या, मंडळात त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. पाठोपाठ आणखी पाच डबे उघडले. जो तो इशिताच्या हातावर लाडू ठेवू लागला.

सणाच्या तिळगुळाला नाही म्हणायचं नाही, हे तिला आईनेच शिकवलेलं. आणि आपण नाही का म्हणतो, हे चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगायचा तिला मनस्वी कंटाळा आलेला. ती हसून थँक्यू काकू म्हणायची, लाडू थोडा वेळ हातात धरायची आणि पाठ वळली की खिशात सोडायची. पहिला लाडू माझ्या अंगावर पडला तेव्हा मी दचकले. मग दुसरा, तिसरा. एकूण सहा. रेवतीनेही लांबून सहाच मोजले, आणि ते पोटात गेले असं धरून चालली.

त्यानंतर पोरं तिथल्या स्मारकाच्या स्तंभाभोवती पळापळी खेळू लागली. इशिताही धावली, भरपूर धावली. खिशात मला तिची छाती जाणवत होती, आणि ती थांबल्यावरही धडधडतच राहिली. हात गार पडले. ती पायरीवर बसली, बोलेना. मित्रांनो, साखर घसरत चालली होती. मला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

रेवतीने पाहिलं आणि धावत येऊन फोन दंडाला टेकवला. काहीच नाही. पुन्हा टेकवला, उलटा केला, पाठीवरचा प्रत्येक कोपरा लावून पाहिला. पडद्यावर एनएफसी चालू दिसत होतं, कारण चिप फोनातच असते. पण तिला हाक मारायला चकलीच नव्हती, आणि फोनला बिचाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. पुष्करने तो बंद करून चालू केला. तरी शुकशुकाट. कुमुदकाकूंनी आपला फोन पुढे केला, पण सेन्सर ज्या फोनने सुरू केला त्याच्याशीच बोलतो.

मग रेवतीने पिशवीतून बोट टोचायचं मीटर काढलं. घाईघाईत बोट टोचलं, पट्टीला रक्त लावलं. आकडा आला तीनशे अठ्ठेचाळीस.

"सहा लाडू. मी मोजलेत," रेवती म्हणाली आणि तिने इन्सुलिनचं पेन काढलं.

साखर आधीच तळाला गेलेली, त्यात इन्सुलिन टोचलं तर पोर जागच्या जागी बेशुद्ध पडली असती. आणि रेवती आंधळेपणाने काही करत नव्हती. तिच्या हातात आकडा होता.

"बाबा," इशिता पुटपुटली. तिने खिशात हात घातला आणि रुमालाची पुरचुंडी त्याच्यापुढे धरली. "जुनी."

पुष्करने रुमाल सोडला, फोनचं झाकण काढलं आणि आम्हा दोघींना शेजारी धरलं. नवीच्या कडेला तीन ठिपके. माझ्या कडेला चार. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"रेवती, थांब. एक मिनिट थांब."

त्याने मला बसवलं. फोन उजळला, कंपनीचं निशाण आलं आणि पडदा काळा पडला. सकाळी चार्जिंगला लावण्याआधीच मला काढलेलं, त्यामुळे माझ्यात चारच टक्के वीज होती आणि वरून ती थंडी. म्हाताऱ्या बॅटरीला थंडी सोसत नाही, अंगात असलेली वीजही वेळेवर बाहेर येत नाही. मला लाजेने मेल्यासारखं झालं. पुष्करने मला काढून स्वेटरच्या आत काखेत दाबून धरलं.

"पुष्कर, थ्री फोर्टी एट आहे. मी अजून थांबू शकत नाही." रेवतीने पेनवर आकडा लावलासुद्धा होता.

"मला फक्त एकदा बघू दे."

त्याने मला पुन्हा बसवलं. निशाण आलं आणि टिकलं. अॅप उघडायला युगं लागली. पुष्करने फोन दंडाला टेकवला. मी उरलासुरला सगळा जीव त्या चकलीत ओतला आणि हाक मारली. सेन्सरने ओ दिली. फोन थरथरला आणि पडद्यावर आकडा उमटला. चोपन्न, आणि बाण सरळ खाली. पाच सेकंद दिसला असेल, तेवढ्यात फोन विझला. माझं सगळं संपलं होतं.

"चोपन्न होतं ना?" पुष्करने विचारलं.

"कसं शक्य आहे?" रेवती म्हणाली. "ही बॅटरी पाच वर्षं जुनी आहे. मीटर परवाच उघडलंय."

तिने एका हाताने इशिताचा स्वेटर वर केला, दुसऱ्या हातात पेन. एकीकडे नव्या यंत्राचा आकडा, दुसरीकडे केरातून उचलून आणलेल्या म्हातारीचा. मला कुणी विचारलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण रेवतीने विचारलं ते तिसऱ्याच कुणाला. ती इशितासमोर गुडघ्यांवर बसली.

"इशू, तुला कसं वाटतंय?"

किती दिवसांनी हा प्रश्न आला होता. इशिताने डोळे अर्धवट उघडले. "खाली जातेय असं वाटतंय, आई."

रेवतीने तिचा हात हातात घेतला आणि थबकली. बोटं चिकट होती, गुळाने माखलेली. तीच बोटं न धुता टोचलेली, म्हणजे मीटरने रक्ताबरोबर गूळही मोजला होता. तिने जॅकेटच्या खिशात हात घातला. एक लाडू निघाला, दुसरा निघाला. सहाच्या सहा.

पेन खाली पडलं. रेवतीने ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवली आणि घोट घोट पाजली. बोटं धुऊन, कोरडी पुसून पुन्हा टोचलं तेव्हा मीटरवर एक्कावन्न आलं. पंधरा मिनिटांनी शहात्तर. इशिताच्या ओठांवर रंग आला आणि तिने खिशातलाच एक लाडू मागून खाल्ला. रेवती तिला पोटाशी धरून रडली, सगळ्यांदेखत रडली. कुमुदकाकू जवळ आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुझ्यासाठी मी शेंगदाणे आणीन हो, बाळा. तू मला नाही म्हणालीस तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी पुष्करने चार ठिपक्यांची नवी बॅटरी आणली. दुकानातच बसवून, तशीच वेटोळी असलेलं खिशातलं बँकेचं कार्ड फोनच्या पाठीला टेकवून, फोन ओ देतो की नाही हे पाहूनच तो घरी आला. मला त्याने केरात टाकलं नाही. माझ्या ठिपक्यांवर चिकटपट्टी लावली आणि पुढचे काही दिवस मी इशिताच्या टेबलावर मानाने बसून होते. आज मी जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या पेटीत जाणार आहे. तिथून माझं तांबं वेगळं काढतील म्हणे. त्याची कुणाच्या तरी फोनसाठी पुन्हा चकली झाली, तर मला आवडेल.

मित्रांनो, बॅटरी बदलाल तेव्हा जुनी आणि नवी शेजारी धरा आणि ठिपके मोजा. आमचं काम संपलं की आम्हाला केरात लोटू नका, तिथे आम्ही पेट घेतो. जे यंत्र तुमच्या जिवाशी बांधलेलं आहे, ते घराबाहेर पडण्याआधी पूर्ण तपासा. आणि गप्प बसलेल्या माणसापाशी जा, अगदी जवळ जा. लांबून मोजलेलं चुकतं.

आता निघायची वेळ झाली. इशिताने मला त्याच रुमालात गुंडाळलं आहे. पलीकडे रेवतीने फोन उचलला, दंडापाशी नेला आणि थांबली.

"तू सांग. किती असेल?"

इशिताने क्षणभर डोळे मिटले. "एकशे वीस."

रेवतीने फोन टेकवला. एकशे अठरा.