एकही रुग्ण नाही

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पाणीकाकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वस्तीच्या ग्रुपवर सूचना टाकली. 'कळविण्यात येते की, मोठ्या नाल्याजवळ जलवाहिनीस गळती लागल्याने आपल्या भागात दूषित पाणीपुरवठा होण्याची शक्यता आहे. दुरुस्ती होईपर्यंत सर्वांनी पाणी उकळून व गाळून प्यावे.' मग कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूने तेच लिहिलं. अक्षर मोत्यासारखं, आणि 'उकळून' या शब्दाखाली दोन ठसठशीत रेघा.

पाणी खात्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. अकराशे नळ त्यांच्या देखरेखीखाली. कुठल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, कुणाच्या नळाला जोर नाही, कुणी चोरून पंप लावलाय, सगळं तोंडपाठ. खात्यातले बाकीचे फोन उचलत नाहीत अशी जिकडेतिकडे ओरड असताना हे गृहस्थ आपणहून कळवायचे. "काका आहेत म्हणून आपलं निभावतं," असं कोपऱ्यावरचा शिंपी म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून एखाद्याला वाटेल की माणूस कामचुकार असेल. कामचुकार असता तर एक वेळ समजूत तरी घालता आली असती.

घरात माणसं पाच. काका, काकू, छापखान्यात नोकरीला असलेला थोरला मुलगा, कॉलेजात जाणारा धाकटा आणि थोरल्याची बायको. तिचा पाचवा महिना सरत आला होता. सूचना निघाली तशी काकूंनी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर चढवलं. पाणी खळखळून उकळलं, निवलं, फडक्यातून गाळून स्टीलच्या पिंपात गेलं. काकांनी स्वतः पिंपाची तोटी उघडून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

मग पाणी संपायला सुरुवात झाली. धाकट्याने आपली बाटली भरली. थोरल्याने दोन भरल्या, छापखान्यात उकाडा फार म्हणून. काकांनी थर्मास भरला. तक्रार घेऊन दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते पेलाभर पाणी देत आणि वर म्हणत, "घ्या, निर्धास्त प्या, आमच्या घरचं उकळलेलं आहे!" दुपारी पुरुष जेवून उठले तेव्हा पिंपाची तोटी नुसती थेंब गाळत होती. सासू-सुना जेवायला बसल्या त्या त्यानंतर.

"आई, अजून एक पातेलं ठेवू का उकळायला?" सुनेने विचारलं.

"सकाळीच तर उकळलं ना? दिवसभर काय चुलीपुढेच बसायचं? संध्याकाळी ठेवू पुरुष यायच्या आत."

काकू हे खाष्टपणाने बोलल्या नाहीत. त्या उठल्या, नळाखाली ओंजळ धरली आणि स्वतः पोटभर पाणी प्यायल्या. "आपल्याला काय धाड भरलीय गं! जन्म गेला हेच पिण्यात." सून हसली. तिनेही पेला नळाखाली धरला.

बाईने शेवटी जेवायचं आणि उरलंसुरलं आपलं मानायचं, असा नियम त्या घरात कुणी केला नव्हता. केला असता तर कुणीतरी तो मोडायची भाषा तरी केली असती. उलट सून घरात लाडकी होती. नवरा तिच्यासाठी फळं आणायचा, तिने भरलेली बादली उचलली की सासरे ओरडायचे, धाकटा दीर तिच्याशी पत्ते खेळताना मुद्दाम हरायचा. एवढ्या मायेच्या घरात तिच्या पेल्यात कुठलं पाणी आहे हे मात्र बारा दिवस कुणी पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा असतो.

तेराव्या दिवशी दुरुस्ती झाली. काकांनी ग्रुपवर लिहिलं, 'पाणीपुरवठा पूर्ववत. नागरिकांच्या सहकार्याबद्दल आभार. आपल्या भागात एकही रुग्ण नाही.' महिन्याने एका ड्रायव्हरला आणि न्हाव्याच्या भावाला कावीळ झाली. दोघांनी बाहेरचं खाल्लं असणार, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं. एकही रुग्ण नाही हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं. खात्याच्या मोठ्या साहेबांनाही आवडलं. साहेब वस्तीत येऊन काकांचं काम पाहणार, इतर विभागांना दाखवणार, असं ठरलं.

सुनेला तेव्हा सातवा महिना होता. अन्न नकोसं झालं, अंगात कणकण, कोरड्या उलट्या. "मला तर बाळंत होईपर्यंत उलट्या होत होत्या," काकू म्हणाल्या. सुनेने दुखणं अंगावर काढलं. एका सकाळी ती दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि ऊन तिच्या तोंडावर आलं. नवऱ्याला तिचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे.

तो तसाच आत गेला. "बाबा, हिला कावीळ झालीय. दवाखान्यात नेतो."

काका दाढी करत होते. वस्तरा थांबला. "थांब जरा. उद्या साहेब येतायत. माझ्याच घरात कावीळ निघाली तर मी त्यांना तोंड काय दाखवू? दोन दिवसांनी काय आकाश कोसळतंय? पथ्यपाणी करा तोवर."

बाप बोलला की मुलाने बोलायचं नाही, हाही तिथला एक न लिहिलेला नियम. मुलगा दारात उभा राहिला, आणि मग छापखान्यात निघून गेला. सून म्हणाली, "थांबू की. तसं बरं वाटतंय मला." तिला बरं वाटत नव्हतं.

साहेब आले. फळ्यावरचं अक्षर पाहून खूश झाले, काकांच्या पाठीवर थाप मारली, काकांच्या घरी चहाही प्यायले. चहा काकूंनी केला. सून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि दार ओढून घेतलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती धाकट्या दिराला आपला माहेरचा भाऊ समजून काहीबाही बोलू लागली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिला तपासून बाहेर आल्या. "ही कावीळ घाणेरड्या पाण्यातून होते. एरवी माणूस महिन्याभरात उठून बसतो. पोटुशी बाईच्या मात्र जिवावर बेतते. डोळे पिवळे कधी दिसले?"

"परवा," थोरला म्हणाला.

"परवा? आणि आज आणताय? बरं, दीड महिन्यापूर्वी तुमच्याकडे पाइप फुटला होता ना?"

"हो, पण आम्ही उकळूनच पितो," काका घाईने म्हणाले. "ती सूचना मीच काढली होती."

"छान केलंत. पण ही कुठलं पाणी प्यायची?"

काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने आईकडे पाहिलं. अकराशे घरांच्या नळांची कुंडली सांगणारा माणूस आपल्या घरातल्या एका पेल्याबद्दल अडला. शेवटी काकू बोलल्या.

"नळाचं. दुपारपर्यंत पिंप रिकामं व्हायचं. तिने विचारलं होतं मला, अजून उकळू का म्हणून. मीच नको म्हटलं."

पोटातली मुलगी दुसऱ्या दिवशी गेली. चौथ्या दिवशी आई गेली. तेवीस वर्षांची होती. अशा ठिकाणी लेखकाने गहिवरून यायचं असतं, पण मला गहिवर येत नाही, संताप येतो. गॅसवर आणखी एक पातेलं चढलं असतं, किंवा तिघा पुरुषांपैकी एकाने बाटली भरताना 'तुला राहिलं का गं?' एवढं विचारलं असतं, तर ती आज मांडीवर लेक घेऊन बसली असती.

पंधरा दिवसांनी खात्याचा कागद आला. गळतीच्या काळातला अंतिम अहवाल भरून पाठवायचा होता. साहेबांनी फोनवर हळूच सुचवलंही, "काका, तुमच्या घरचं झालं ते वाईटच. पण ती बाळंतपणातली गुंतागुंत धरा. नसता व्याप नको." काका टेबलाशी बसले. मृत्यूंच्या रकान्यात त्यांनी शून्य काढलं. अक्षर अजूनही मोत्यासारखंच.

काकू चहा घेऊन आल्या आणि कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "शून्य लिहिलंत?"

"आता दुसरं काही लिहून ती परत येणारय का?"

"नाही येणार. पण शून्य लिहिलंत तर ती या घरात कधी आलीच नव्हती असं होईल. बत्तीस वर्षं मी तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. तिलाही तेच शिकवलं, आणि माझ्या हाताने तिला नळाशी नेलं. माझा गुन्हा मी जन्मभर भोगीन. तुमचा लपवायला मात्र मी मदत करणार नाही. हा कागद असा गेला तर मी खात्यात जाऊन सांगेन."

काका मुलाकडे वळले. तो आपली बाजू घेईल असं त्यांना वाटलं असावं.

"खोडा ते शून्य, बाबा," मुलगा म्हणाला. बापासमोर त्याचा आवाज चढल्याचं त्या घराने प्रथमच ऐकलं. "दोन लिहा. माझी मुलगीही मोजा."

काकांनी शून्य खोडलं आणि दोन लिहिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घरातील उकळलेले पाणी पुरुषांनी संपविले. स्त्रियांस उरले नाही. लक्षणे दिसूनही मी दोन दिवस उपचार लांबविले.' लिहून झाल्यावर ते टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. काकूंनी त्यांची समजूत काढली नाही. अहवाल आठवड्याने परत आला. त्यावर शेरा होता, 'सदर कारण विहित यादीत नाही. दुरुस्त करून पाठवावे.' काकांनी तो जसाच्या तसा पुन्हा पाठवला.

त्याच महिन्यात नाल्याजवळचा सांधा पुन्हा सुटला. काकांनी सूचना टाकली आणि खाली जोडलं, 'मागील गळतीत दोन मृत्यू. दोन्ही माझ्या घरात. आपल्या घरातील स्त्रियांना उकळलेले पाणी मिळते की नाही ते पाहावे.' तासाभरात ग्रुपवर दीडशे हात जोडले गेले. काही जणांनी फुलं टाकली.

"कुणाकुणाला पोचलं हे?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांना. अकराशे घरांना."

"नळ कुणाच्या नावावर आहेत? फोन कुणाचे?"

नावं पुरुषांची होती आणि फोनही पुरुषांचेच. काकूंनी एक वही घेतली, पायात चपला सरकवल्या आणि घराबाहेर पडल्या. फळ्यावर लिहिण्यापलीकडे नवऱ्याने जे कधी केलं नव्हतं ते त्या करणार होत्या. प्रत्येक घरात थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचं.

पहिलं दार शिंप्याचं. तो मशीनवरून लगबगीने उठला. "या काकू, बसा. फार वाईट झालं हो. आम्ही मात्र अगदी काटेकोर आहोत. काकांची सूचना आली की हातातली कात्री ठेवून आधी घरात सांगतो. उकळलेल्या पाण्याशिवाय आमच्याकडे कुणी घोट घेत नाही."

काकू बसल्या नाहीत. त्याला वळसा घालून त्या आत गेल्या. त्याची बायको खाली बसून सदऱ्यांना काजं करत होती. काकू तिच्याजवळ जमिनीवर टेकल्या.

"तू उकळलेलंच पितेस ना गं?"

तिने सुई कापडात टोचून ठेवली. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"उरलं तर," ती म्हणाली.

शिंप्याने चमकून बायकोकडे पाहिलं. त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.