गिरीशरावांच्या हातातला दोर

कला प्राणांहून मोठी असते, असं आमच्या मंडळाचे अध्यक्ष नामदेवराव दरवर्षी सांगतात. ते स्वतः नाटकात काम करत नाहीत.

यंदा काचीगुड्याच्या सभागृहात आम्ही इंग्रजी लोककथेतला जॅक उभा केला. गाय देऊन घेवड्याच्या बिया घेणारा आणि त्या वेलावरून राक्षसाच्या घरी चढणारा. तिकडच्या पँटोमाइममध्ये, म्हणजे नाताळातल्या गमतीच्या नाटकात, नायकाचं काम बाई करते म्हणे, म्हणून जॅक झाली विद्यानगरची वृषाली. वेल कापडी. वृषाली चढल्याचा नुसता आविर्भाव करायची. तिच्या कमरेचा दोर कप्पीवरून विंगेत आणला होता आणि तो ओढायचे गिरीशराव, मंडळातला सगळ्यांत वजनदार माणूस. सत्कार मात्र त्यांचा कधी झाला नव्हता.

वृषाली पार वर पोचली आणि नामदेवरावांनी नाटक थांबवलं. प्रमुख पाहुणे उशिरा आले होते आणि त्यांना लगेच निघायचं होतं. आमच्याकडे सत्कार कशासाठीही थांबत नाही.

“पडद्यामागचे कलाकार, गिरीशराव!”

विंगेत गिरीशरावांचे डोळे भरून आले.

“काका, सोडू नका हं,” वरून वृषाली म्हणाली.

“नाव पुकारलंय, बेटी.”

“लाजताहेत! टाळ्या!” नामदेवराव गरजले.

पहिल्या रांगेतून गिरीशरावांच्या पत्नी विमलताई ओरडल्या, “अहो, जा की! सत्कारासाठी इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंत!”

गिरीशराव दोरासकट निघाले. एकेका पावलाला वृषाली हिसका खात खाली येत होती. ते मंचावर पाहुण्यांसमोर थांबले तेव्हाही ती पुरुषभर उंचीवर लोंबकळत होती. शाल पुढे आली. नारळ पुढे आला.

“दोन्ही हातांनी घ्या,” नामदेवराव दात आवळून म्हणाले. “पाहुण्यांचा अपमान होतो.”

“काका, नक्को!”

गिरीशरावांनी वर पाहिलं. शालीकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. दोर तळहातातून बोटभर सरकला.

“साहेब, जरा धरता?”

पाहुणे किरकोळ अंगाचे. वृषाली धाडकन खाली आली आणि पाहुणे वर गेले.

“सर, सोडू नका!” आता ती ओरडत होती. राक्षस आला असं समजून पोरांनी शिट्ट्या मारल्या. चौघांनी पाय धरून पाहुण्यांना उतरवलं. तोवर गिरीशरावांनी शाल स्वतःच पांघरून घेतली होती.

मंडळाकडे शाल एकच आहे. कार्यक्रम संपल्यावर नामदेवरावांनी ती घडी घालून परत नेली.