एकमतानं मान्य

“मान्य!” आम्ही अकरा जण एका सुरात ओरडलो आणि हेमलताबाईंचा चेहरा पडला.

त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “माझं काय हो, नुसता पसारा आहे. मला कुठे लिहिता येतं!” हे वाक्य त्या गेली तीन वर्षं दर महिन्याला म्हणत होत्या. आणि आम्हीही दर महिन्याला “छे छे, असं कसं, तुमच्यासारखं कोण लिहितं” म्हणत त्यांची मनधरणी करत होतो. त्या दिवसापासून मात्र नवा नियम लागू झाला होता. क्षणभर त्या लालबुंद झाल्या, मग स्वतःच हसल्या आणि निमूटपणे लेख वाचायला लागल्या.

नियम माझा होता. मी जनार्दन. अकोल्याला पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केली आणि मुलगा हिंजवडीत नोकरीला म्हणून निवृत्तीनंतर बावधनला येऊन राहिलो. नोकरीत मी टिपणं लिहायचो आणि साहेब खाली ‘मान्य’ असं लिहून सही करायचे. माझ्या लिखाणाला जन्मात मिळालेली दाद म्हणाल तर एवढीच. त्यामुळे कौतुकासाठी आसुसलेली माणसं बघितली की माझं डोकं फिरायचं. त्यात थोडा हेवाही असेल. आता लपवून काय उपयोग?

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी लेखन मंडळ भरतं, आणि त्याचा चिटणीस मी. वाचन दोन तासांचं, पण त्यातला तासभर समजुती घालण्यातच जायचा. स्वानंद नावाचा एक आयटीतला मॅनेजर कविता वाचण्याआधी म्हणायचा, “एकदम फालतू झालीय, सांभाळून घ्या.” कविता आठ ओळींची, नि तिच्याआधीचं रडगाणं पाच मिनिटांचं. शेवटी मी वैतागून नियम केला. कुणीही स्वतःच्या लिखाणाला नावं ठेवली की सगळ्यांनी एकदम ‘मान्य!’ म्हणायचं. मनधरणी नाही, आग्रह नाही. वाचायचं असेल तर वाचा, नाहीतर पुढचा. एका बैठकीत स्वानंद सुतासारखा सरळ झाला. “काका, तुम्ही मोठं काम केलंत,” असं दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मला ते गोड वाटलं, हेही सांगून टाकतो.

फेब्रुवारीत उज्वला आली.

पस्तिशीची असावी. घोटावड्याची. पिरंगुटला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. आमची जाहिरात तिला कुणीतरी मोबाइलवर पाठवली होती. लिखाणाची एक झेरॉक्स आठवडाभर आधी वॉचमनकडे ठेवा, असं त्यात होतं. तिनं ती ठेवली होती. खरं सांगायचं तर त्या झेरॉक्स आम्ही कुणीच वाचत नव्हतो. मी त्या फायलीला लावायचो नि फाइल कपाटात ठेवायचो. कारकुनाची सवय, दुसरं काय?

अर्धी रजा टाकून ती वेळेच्या आधीच येऊन मागच्या खुर्चीवर बसली होती. तिची पाळी आली तशी उभी राहिली. हातात शाळेच्या वहीतली पानं होती.

“सर, ह्यात काय बी न्हाई,” ती म्हणाली. “घाण झालंय सगळं. ठेवायचं का फाडायचं, तेवढं सांगा.”

“मान्य!” सगळे ओरडले. पाठोपाठ हशा झाला. माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

तीही हसली. आपल्यालाच कळलं नाही असं वाटलं की माणूस हसतो, तशी. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी नियमाला जागलो, आग्रह केला नाही. तिनं मान हलवली, पानांची चौघडी घातली आणि खाली बसली. मला वाटलं, रुसली. आली पहिल्याच दिवशी मनधरणी करून घ्यायला!

“पुढचं कोण?” मी म्हणालो.

चहाच्या वेळी तिची खुर्ची रिकामी होती.

मार्चअखेर मंडळाचं वार्षिक टिपण लिहायचं म्हणून मी फाइल काढली. दुपारची वेळ होती, सून ताट वाढून ऑफिसच्या कॉलवर बसली होती. जेवता जेवता मी कागद चाळत होतो. त्यात उज्वलाची आठ पानं हाती आली.

तिचे वडील धुळाजी धनगर होते. उभा जन्म त्यांनी मेंढरं चारली होती. पावसाळा सरला की कळप घेऊन ते घाट उतरून कोकणात जायचे आणि वळवाच्या आधी परत यायचे. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि ते बाजेला खिळले. पडल्या पडल्या ते वाट सांगायचे, तुकड्या-तुकड्यानं, मागचं पुढे नि पुढचं मागे. तिनं ती सगळी वाट ओळीनं लावून लिहिली होती.

‘आबा, आता उठा. काठी घ्या. वडा वलांडला की चढ हाय, तितं दम खावा. खालच्या झऱ्याचं पाणी पिऊ नका, वरल्याचं प्या, ते गोड हाय. म्होरं आता बंगल्याची भिंत हाय. पर तुमच्या वक्ताला न्हवती, तवा सरळ चला.’

असं आठ पानं ती आजारी बापाला बोटाला धरून चालवत नेत होती. कुठं मेंढी व्याली, कुठल्या शेतात खतासाठी कळप बसवला म्हणून कुणी भाकरी दिली, कुठं पायातला काटा निघता निघेना, सगळं त्यात होतं. शेवटच्या पानावर कळप घाट उतरून खाली टेकला होता. ‘आता निजा, आबा. उद्याची वाट उद्या सांगते,’ अशी शेवटची ओळ होती.

ताटातला भात गार झाला. आमच्या मंडळात तीन वर्षांत असं कुणी काही आणलं नव्हतं. मी स्वतः तर जन्मात असं एक वाक्य लिहिलं नव्हतं. आणि आम्ही तिला काय म्हणालो होतो, ते आठवून मी ताट बाजूला सारलं.

पानावर तिचा नंबर होता, त्यावर फोन लावला, तो बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पिशवीत घालून निघालो. बसनं पिरंगुट, तिथून शेअर रिक्षानं घोटावडे. रस्ताभर मी मनात कौतुकाची वाक्यं जुळवत होतो. मंडळाच्या वतीनं माफी मागायची, पुढच्या बैठकीत तिला सगळ्यांत आधी वाचायला लावायचं, असं सगळं ठरवून टाकलं.

नाक्यावरच्या टपरीवाल्यानं घर दाखवलं. एका कारखान्याच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं शेळ्यांचा वाडा. मेंढरं विकून आता सात शेळ्या राहिल्या होत्या. ओट्यावर म्हातारी बसली होती, मांडीवर करडू. ती उज्वलाची आई, चिमाबाई. आतल्या भिंतीला बाज उभी करून ठेवली होती. वर एक फोटो होता, त्याला हार.

उज्वला बाहेर आली. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “परवा तेरावं झालं, सर. बसा.”

मी बसलो. चिमाबाईंकडे वळून म्हणालो, “करडू छान आहे.”

म्हातारीनं घाईघाईनं त्याच्यावर पदर घातला. “कशाचं छान! मरतुकडं हाय मेलं. आज हाय, उद्या न्हाई.” आणि पदराआडून ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

उज्वलानं चहा आणला. मी कागद काढून मांडीवर ठेवले. “हे मी काल वाचलं,” मी म्हणालो. “उज्वलाताई, फार सुंदर लिहिलंय तुम्ही. वडिलांना वाचून दाखवलंत ना?”

“न्हाई.”

“का?”

“तुमीच न्हाई का म्हणालात? समद्यांनी एका दमात सांगितलं, फाडा म्हणून. तितंच बसस्टॉपवर फाडलं. परत लिवायला हात उचलंना. आबा रोज सांजच्याला इचारायचे, उजे, वाचतीयास न्हवं? मी म्हणायची, जरा नीट करते आन् मग वाचते.”

बसस्टॉपवर ती पानं फाडत होती तेव्हा दुसरी प्रत माझ्या कपाटात होती. पुढं महिनाभर म्हातारा रोज विचारत होता आणि ती तिथंच होती, माझ्या फायलीत, क्रमांक टाकून.

“पण तुम्हीच घाण झालंय म्हणालात!” माझा आवाज चढला. कुठंतरी माझी चूक थोडी कमी व्हावी, एवढ्यासाठीच तो चढला होता.

उज्वलानं आईच्या पदराकडे बघितलं. “आमच्यात जिवाच्या वस्तूला आपुन चांगलं म्हणत न्हाई, सर. दिष्ट लागती. आपुन नावं ठिवायची, दुसऱ्यानं हात लावून बघायचं आन् सांगायचं. तुमच्याकडं आठ दिवस आदी कागद दिला हुता. मला वाटलं, जाणत्या लोकांनी बघितलं, आन् खरं ते सांगितलं.”

“आम्ही कुणी वाचलंच नव्हतं,” मी म्हणालो. “तो... आमचा एक नियम होता. गंमत म्हणून.”

“मंजी न वाचताच?”

छत्तीस वर्षं साहेब मंडळी माझी टिपणं न वाचता ‘मान्य’ लिहायची आणि मी घरी येऊन बायकोजवळ चडफडायचो. माझी तर नुसती टिपणं होती.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. मी मंडळाबद्दल, पुढच्या बैठकीबद्दल काहीबाही बोललो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. “येत न्हाई, सर,” ती म्हणाली. “ज्याला ऐकवायचं हुतं त्योच ऱ्हायला न्हाई.”

चहा संपला. उठायचं सोडून मी तसाच बसून राहिलो. मग तिनं एकदम विचारलं, “आबांना आवडलं असतं का हो?”

“हो,” मी लगेच म्हणालो. “खूप आवडलं असतं.”

“तुमी कुटं बघितलं हुतं त्यांना,” ती हळूच म्हणाली, आणि रिकामे कप उचलून आत गेली.

कागद माझ्या मांडीवर तसेच राहिले. वाड्यात शेळ्या ओरडत होत्या, त्यांना पाणी दाखवायची वेळ झाली होती. थोड्या वेळानं ती बादली घेऊन बाहेर आली आणि माझ्या समोरून वाड्याकडे गेली.