ऊन पाण्याची खोली

कुंताबाईचे गुडघे धरले तेव्हापासून इस्तारीभाऊ तिला रोज सकाळी ऊन पाण्याच्या झऱ्यावर नेत. कोरपन्याच्या पुढे, पैनगंगेच्या काठाशी, खडकातल्या खोलगट जागेत हे पाणी बुडबुडे सोडत वर येतं. नदीतलं जाळं काढून आले की ते बायकोला सायकलच्या कॅरिअरवर बसवत आणि सायकल हळूहळू ढकलत नेत.

नदीवरचा गार वारा तिला सोसवेना. म्हणून दिवाळीनंतर त्यांनी झऱ्याभोवती विटांची लहानशी खोली बांधली. वर टिन टाकलं, दाराला पोत्याचा जाड पडदा लावला, फटी मातीने लिंपल्या. एक भोक ठेवलं नाही.

"आता वारा कुठून येते पाहू," ते म्हणाले.

राहतं घर बांधताना त्यांनी इतकं मन लावलं नव्हतं, असं कुंताबाई शेजारणींना सांगायची. तक्रार केल्यासारखं सांगायची, पण खूश होती.

त्याच थंडीत शगुफ्ता आली. चंद्रपूरला कॉलेजात शिकवायची. जमिनीतून ऊन पाण्यासोबत वर येणारे वायू मोजायचे, हे तिचं काम. गावात उतरायला जागा नव्हती, तेव्हा कुंताबाईनेच तिला घरी ठेवून घेतलं. "एवढी शिकली अन् अंगावर मास नाई," म्हणत तिने भातावर झिंग्यांचा रस्सा ओतला. शगुफ्ता तिला मावशी म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शगुफ्ता यंत्र घेऊन झऱ्यावर पोचली, तेव्हा कुंताबाई आत आंघोळीला बसली होती आणि इस्तारीभाऊ बाहेर जाळं सांधत होते. शगुफ्ताने पडद्याखालून नळी आत सरकवली. यंत्र लगेच वाजायला लागलं.

"मावशी, बाहेर या."

आतून काही आवाज आला नाही. इस्तारीभाऊ जाळं टाकून धावले.

"काका, श्वास रोखून जा. खाली वाकून श्वास घेऊ नका."

कुंताबाई खडकाच्या पायरीवरून घसरून पाण्याच्या कडेला कलंडली होती. त्यांनी तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. रेतीवर निजवल्यावर तिने मोठा श्वास घेतला, मग आणखी एक. बऱ्याच वेळाने डोळे उघडले.

"डोकं जड होऊन राह्यलं," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे पाहून, "तुमी काऊन रडता?"

"मी कुठी रडून राह्यलो."

ऑटो करून तिला कोरपन्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि धोका नाही म्हणून घरी सोडलं. वाटेत शगुफ्ताने सगळं समजावून सांगितलं. पाण्यासोबत कार्बन डायऑक्साइड वर येतो, कधी कमी, कधी एकदम जास्त. तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. उघड्यावर वारा त्याला घेऊन जातो, बंद खोलीत तो गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा भरतो. त्याच्यासोबत रेडॉनही येतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद जागेत रोज बसलं तर वर्षानुवर्षांनी फुप्फुसांना बाधतो.

"पाण्याचा दोष नाही, काका. हवा कोंडली, एवढंच."

इस्तारीभाऊंनी मान हलवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सकाळी सब्बल घेऊन ते एकटेच झऱ्यावर गेले. टिन उतरवलं, भिंत पाडायला घेतली. कुंताबाई शगुफ्ताच्या खांद्यावर हात ठेवून मागून आली.

"मीच तुले मारलं असतं," ते पाठमोरेच म्हणाले.

"तुमी माह्यासाठी वारा अडवला. आत काय भरते थे तुमाले का माहीत?" ती विटांच्या ढिगावर बसली. "हळू मारा. उद्या तुमची पाठ धरली तर तुमाले कोण ढकलत आणंल?"

सगळ्या विटा निघाल्या. नदीच्या बाजूला जमिनीपासून हातभर उंच टांगलेला, बांबूच्या कामट्यांचा एक ताटवा तेवढा आडोशाला लावला. शगुफ्ताने पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं आणि मग परवानगी दिली. वाऱ्याच्या दिवशीच यायचं, वरच्या पायरीवर बसायचं, आणि ताटव्याबाहेर बसून काकांनी सतत बोलत राहायचं. उत्तर आलं नाही तर लगेच ओढून काढायचं.

इथे इस्तारीभाऊंची पंचाईत झाली.

"पाणी ऊन हाये का?"

"हाये."

"बरं."

"बोला ना पुढं."

मग ते मासळीचं सांगत, पिकांचं सांगत, कोणाच्या घरी काय शिजलं तेही सांगत. शगुफ्ता चंद्रपूरला परतली, तरी हे बोलणं चालू राहिलं. एका सकाळी सगळे विषय संपले. तेव्हा त्यांनी सांगितलं, की लग्नाआधी ते तिच्या गावच्या बाजारात मासळी विकायला येत, ते काही मासळी खपवायला नाही. मासळी त्यांच्या गावातच सगळी खपायची.

ताटव्याआड सगळं शांत झालं.

"कुंते?"

उत्तर नाही. ते ताडकन उठले, ताटवा बाजूला सारला. कुंताबाई वरच्या पायरीवर नीट बसली होती, ओला पदर तोंडाला लावून.

"हे मले आजवर काऊन नाई सांगितलं?"

"तू विचारलं नाई."

"बसा तिथी," ती म्हणाली, "अन् मंग काय झालं थे सांगा."