ओल्या फरशीवरचा मिक्सर

मी यशोदा. घरातले सगळे मला अक्का म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात. घाबरावंच. नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही, म्हणून धुळ्याला धाकट्या भावाकडे येऊन राहिले, पण मान खाली घालून राहणारी मी नव्हे. भाऊ म्हणजे निंबा. जग त्याला नाना म्हणतं, मी निंबाच म्हणते. त्याची बायको वारल्यापासून गल्ली नंबर पाचमधलं आमचं स्वयंपाकघर माझ्या हाती आहे. तिथे नियम एकच. शहाबादी फरशी धुतल्याशिवाय स्वयंपाक सुरू व्हायचा नाही आणि पाय धुतल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. वहाणा तर उंबऱ्याच्या बाहेरच.

पंच्याहत्तर साली निंबाच्या मुलाचं, कौतिकचं लग्न झालं. सून आली दोंडाईचाची, प्रमिला. पोरगी गुणाची, हाताला चव, आणि बोलणं इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागायचं. तिच्या भावाने, वनाने, बहिणीला मिक्सर दिला होता. आमच्या गल्लीतला पहिला! शेजारणी नुसत्या बघायला यायच्या. एकीने तर त्याला हळदकुंकू वाहिलं. मिक्सरच्या वायरला तीन पायांची पिन होती आणि आमच्या भिंतीतल्या सॉकेटला भोकं दोनच. मग निंबाचा नेहमीचा वायरमन लीलाधर आला, त्याने तिसऱ्या पायाची तार कचकन कापली, दोन पायांची पिन बसवली आणि म्हणाला, "ही तार काही कामाची नसते, अक्का."

पुढे दिवाळीच्या सुमारास एक दिवस प्रमिला शेवभाजीचं वाटण करायला उभी राहिली आणि किंचाळलीच. भांडं कलंडलं, भाजलेलं खोबरं फरशीभर झालं. म्हणाली, "अक्का, मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. आज तर कोणी ढकलल्यासारखं झालं."

निंबा तेव्हा ओसरीवर होता. त्याने मिक्सर बाहेर मागवला, ओसरीतल्या सॉकेटात लावला, बटन दाबलं आणि दोन्ही हात मिक्सरवर ठेवले. काही नाही. गरगर गरगर, छान चालू. तेवढ्यात लीलाधर आला. त्यानेही चपला न काढता हात लावून पाहिला. खिशात त्याचा टेस्टर होता, पण तो कशाला काढेल? नानांच्या तोंडाकडे बघून मान हलवायची त्याला सवय.

"बठ्ठं बरोबर शे, नाना," तो म्हणाला. म्हणजे सगळं ठीक!

"मी विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार चालवतो," निंबा म्हणाला, "आणि हे खेळणं हिला झटके देतं! काम नको म्हणून नखरे आहेत सगळे."

असं आणखी दोनतीनदा झालं. दर वेळी मिक्सर ओसरीवर जायचा, दर वेळी निंबा हात ठेवायचा आणि दर वेळी पोरगी खोटी ठरायची. कौतिक मध्ये बोलेल असं वाटलं होतं, पण बापासमोर तो मूग गिळून बसायचा. प्रमिलाचं जेवण कमी झालं. एकदा मला म्हणाली, "अक्का, मलाच काही झालंय का हो?" इतकी शहाणी पोर स्वतःवरच शंका घ्यायला लागली!

मग मीच स्वयंपाकघरात मिक्सर लावला आणि बोट टेकवलं. अगं बाई! खांद्यापर्यंत कळ गेली. मी तशीच निंबासमोर जाऊन उभी राहिले. तो शांतपणे म्हणाला, "अक्का, तुझं वय झालं. हात बधिर होत असेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटी म्हण, भांडकुदळ म्हण, पण म्हातारी म्हणून माझं बोलणं वाऱ्यावर सोडतो? मेला काल माझ्या काखेत बसून नाक पुसून घेत होता!

त्यानंतर निंबाने दोंडाईचाला निरोप धाडला. वना येणार आणि मिक्सर घेऊन जाणार. नुसता मिक्सर नाही, बहीणही. "खोटं बोलायची खोड मोडली की आणून सोडा," असं तो म्हणणार होता. भावाने दिलेली वस्तू परत, वर बहीण परत. दोंडाईचाच्या बाजारपेठेत त्या माणसाने तोंड कुठे दाखवायचं? आणि अशी परत गेलेली पोर सासरी पुन्हा कोणत्या तोंडाने येते? मी प्रमिलाला सांगितलं, "ट्रंक भरू नकोस. मी आहे अजून."

म्हटलं खरं, पण करायचं काय ते सुचेना. तो हात लावतो तर काही होत नाही आणि आम्ही लावतो तर झटका बसतो. विजेला बाई-पुरुष कळतात की काय? सकाळी फरशी धुता धुता मी हेच डोक्यात घोळवत होते. तेवढ्यात निंबा शेतावर जायला निघाला. फटाक फटाक. त्याच्या टायरच्या वहाणा! ट्रकच्या टायरचा जाड तळ. देवासमोर आणि ताटावर सोडलं तर त्या पायातून निघतच नाहीत. आणि मला एकदम आठवलं, विहिरीवर हाच माणूस गड्यांवर कसा खेकसतो ते. हातातला खराटा मी तिथेच टाकला. "सापडलास रे निंबा!" मी इतक्या जोरात ओरडले की प्रमिला धावत आली.

पण मी तेव्हा कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा वयावरच आला असता.

वना आला. ओसरीवर खोक्यात मिक्सर बांधून तयार, लीलाधर बाजूला, कौतिक खांबाला टेकून. निंबाने घसा साफ केला. "वना, मशीनमध्ये काही दोष नाही. दोष..."

"थांब," मी म्हणाले. "दोष कोणात आहे ते पाहुण्याला दाखवू. मिक्सर आत आण, प्रमिला. निंबा, तूही आत ये."

"मी? स्वयंपाकघरात?"

"का? तुझ्या घरातलं नाही का ते? वहाणा काढ. पाय धू. माझा नियम तुला माहीत आहे."

पाहुण्यासमोर नाही कसं म्हणणार? त्याने वहाणा काढल्या, मोरीवर पाय धुतले आणि टपटपत्या पायांनी आत आला. फरशी मी नुकतीच धुतलेली. वना, कौतिक, लीलाधर उंबऱ्याबाहेर. प्रमिलाने मिक्सर लावून चालू केला आणि हात भिंतीवरच्या बटनाजवळच ठेवला. तसं मी तिला सांगूनच ठेवलं होतं.

"आता उलट्या हाताचं एकच बोट लाव," मी म्हणाले. "ओसरीवर दोन्ही हात ठेवायचास, इथे एक बोट पुरे."

निंबा हसला. वनाकडे बघून हसला. आणि त्याने बोट लावलं.

"ओ माय वं!"

टोपी एकीकडे, निंबा दुसरीकडे! प्रमिलाने खट्कन बटन बंद केलं. माझा भाऊ पिठाच्या डब्याला पाठ लावून बसला होता, डोळे पांढरे करून. मला मात्र हसू आवरेना, आणि का आवरायचं?

"आता सांग, तुझंही वय झालं का?" मी म्हणाले. "विहिरीवर गड्यांना काय सांगतोस? ओल्या पायांनी मोटारीला हात लावू नका, मराल. आणि घरातली बाई रोज ओल्या फरशीवर अनवाणी उभी असते, ती सांगते झटका बसतो, तर ती खोटी? तू टायरच्या वहाणा घालून न्यायनिवाडा करतोस होय रे?"

लीलाधरने आता मुकाट्याने टेस्टर काढला. मिक्सर चालू करून लोखंडी अंगाला टेकवला तर लाल दिवा ढळढळीत पेटला. पिन काढून, मिक्सर खोलून पाहिला. आतली एक तार घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला टेकत होती. "ती तिसरी तार असती तर वीज जमिनीत गेली असती, माणसाच्या अंगात नाही," तो खाली बघत म्हणाला. त्याला मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

निंबा उठला. टोपी उचलली, पण डोक्यावर ठेवली नाही. वनाच्या देखत, कौतिकच्या देखत प्रमिलासमोर उभा राहिला. "पोरी, तू खरं सांगत होतीस. मीच ऐकलं नाही." एवढंच बोलला. प्रमिलाने पदर तोंडाला लावला आणि घळाघळा रडली. वनाचेही डोळे भरले. माझे नाही भरले. बरं, थोडे भरले.

मग कामाला काय उशीर! तिसरी तार जमिनीत उतरवायला परसात खड्डा खणला, तो निंबाने स्वतः, कुदळ कोणाच्या हातात दिली नाही. त्यात तांब्याची पट्टी, वर मीठ, कोळसा, पुन्हा मीठ. लीलाधरने तीन भोकांचं सॉकेट आणि तीन पायांची पिन बसवली, आतली तार बदलली. वना मुक्कामाला राहिला. दोंडाईचाला परत गेला तेव्हा मिक्सरचं खोकं त्याच्या हातात होतं खरं, पण त्यात मी नागलीचे पापड आणि ज्वारीचे बिबडे ठासून भरले होते.

पण खरी गंमत सांगायची राहिलीच. सगळी दुरुस्ती झाल्यावर प्रमिला वाटणाला उभी राहिली. खोबरं, कांदा, लाल मिरची भांड्यात घातली, हात पुढे केला आणि मागे घेतला. भीती कुठे लगेच जाते? तेवढ्यात मोरीवर पाणी वाजलं. निंबा आत आला, अनवाणी, ओल्या पायांनी, फरशीच्या अगदी ओल्या जागी उभा राहिला. मिक्सरवर त्याने पूर्ण तळवा ठेवला.

"दाब बटन," तो सुनेला म्हणाला. "आधी माझा हात."