हाकेचा तितर

"हा कोणाचा?"

वनखात्याचे साहेब तक्त्यापुढे थांबले होते, पण बघत होते टेबलाखाली. तिथे फडक्याने अर्धवट झाकलेला बांबूचा पिंजरा होता. आतल्या तितराने नेमकी तेव्हाच मान ताणली आणि अशी खणखणीत हाक दिली की मोखाड्याच्या त्या सभागृहातली झाडून सगळी पोरं हसली.

साहेब हसले नाहीत. "गुरुजी, तुमच्या शाळेचा तक्ता आहे ना हा? रानातला तितर पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, माहीत आहे तुम्हाला. कोणी आणला?"

सुदर्शन गुरुजींच्या छातीवर विज्ञान प्रदर्शनाचा बिल्ला होता. गळ्यात, सदऱ्याच्या आत, तुळशीची माळ होती. त्यांनी एकदा तक्त्याकडे पाहिलं. 'तितर का ओरडतो?' अशी ठळक अक्षरं त्यांनी स्वतःच काढली होती. मग त्यांनी ढवळूकडे पाहिलं. ढवळू भिंतीला टेकून उभा होता. धुतलेला सदरा, कपाळाला बुक्का. गुरुजींनी बोलावलं म्हणून तो पाड्यावरून पिंजरा मांडीवर घेऊन जीपने आला होता. त्याने घाबरून विचारलं होतं, "गुरुजी, काय होनार तं नाय ना?" आणि गुरुजी म्हणाले होते, "माउली, मी आहे ना."

"मला... मला कल्पना नव्हती साहेब," गुरुजी म्हणाले. "मी तक्ते लावत होतो."

ढवळूने मान वर केली. गुरुजींकडे क्षणभर बघितलं. मग पुढे होऊन त्याने हात जोडले.

"गुरुजींना कशाला ठाव असंल, साहेब? माझा हाय. मीच आनला. पोरांना दावायला."

खोटं बोलायला ढवळूला वेळ लागला नाही, कारण त्यात त्याचा स्वतःचा काही फायदा नव्हता.

*

सुदर्शन गुरुजी मूळचे खोडाळ्याचे. घरी भात-नागलीची शेती, आणि ते स्वतः रस्त्याकडेच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवत. पण पंचक्रोशीत त्यांची खरी ओळख पेटीवाले गुरुजी अशी. सप्ताह कुठेही असो, महाराजांच्या पाठीशी पेटीवर तेच. शाळेत शिकवतानाही त्यांची ढब कीर्तनाची. आधी प्रश्न टाकायचा, वर्गाला त्यात अडकवायचं, मग निरूपण, मग दृष्टांत.

"बाळांनो, मोर, कोंबडी, लाव आणि तितर यांचं काय लागतं एकमेकांशी?"

"काय नाय लागत, गुरुजी!"

"लागतं. एका घराण्यातली आहेत. रंगावर जाऊ नका. पाय बघा, चोच बघा, उडणं बघा. भुर्रकन उडतील आणि परत मातीवर. सगळ्यांचा पूर्वज एक, म्हणून घराणं एक. आता सांगा, तितर का ओरडतो? एका हाकेत तो दोन निरोप पाठवतो. मादीला म्हणतो, मी इथं आहे, ये. आणि दुसऱ्या नराला म्हणतो, ही जागा माझी आहे, येशील तर बघ. ज्याची हाक कमी पडली त्याला ना जागा मिळाली ना जोडीदारीण, त्याचा वंश खुंटला. अशी लाखो वर्षं गाळणी लागली, तेव्हा आजची हाक तयार झाली. पण गंमत बघा, तीच हाक कोल्ह्यालाही ऐकू जाते."

"अन् मानसालाबी!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, आणि वर्ग हसायचा. कारण पाड्यावरच्या प्रत्येक पोराला हाकेचा तितर माहीत होता. माणसाळलेला नर माळावर बांधायचा, भोवती फासकी मांडायची. तो ओरडला की त्या जागेचा रानातला नर चवताळून भांडायला येतो आणि पाय फासात अडकतो. ढवळूच्या बापाने हेच केलं, आणि ढवळूनेही अर्धं आयुष्य हेच केलं.

ते सुटलं गुरुजींमुळे. एका सप्ताहात ढवळू नुसता बघायला म्हणून आला आणि मृदंग ऐकून तिथेच बसला. गुरुजींनी त्याच्या हातात टाळ दिले, पुढे माळ घालायला लावली. तेव्हापासून त्याने मास-मच्छी टाकली, फासकी चुलीत घातली. टाळकऱ्यांच्या रांगेत पेटीलगतची जागा त्याची ठरून गेली. ठेक्याला तो इतका पक्का होता की गुरुजी डोळे मिटून वाजवत.

हा तितर त्यानंतरचा. गेल्या उन्हाळ्यात शेतात राब भाजताना जळत्या पाल्याच्या कडेला ढवळूला घरटं सापडलं. आई उडून गेली होती, अंडी गरम होती. त्याने ती मुंडाशात घालून घरी आणली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवली. एकच पिल्लू जगलं. कोंबडीमागे फिरलं, वाळवी खाऊन वाढलं, आणि कंठ फुटल्यावर पहाटे अशी मान ताणू लागलं की ढवळूची बायको पुतळी म्हणाली, "ह्यो तर कीर्तनाला उभा राहिला!" तेव्हापासून त्याचं नाव बुवा. पिंजरा होता तो फक्त मांजरापासून राखायला. दिवसभर बुवा ढवळूच्या पायात.

हे सगळं गुरुजींना ठाऊक होतं. बुवावर त्यांचा इतका जीव जडला होता की प्रदर्शनात तो दाखवलाच पाहिजे असं त्यांना वाटलं.

*

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ढवळूकडून लिहून घेतलं, समज दिली आणि सोडलं. पिंजरा जप्त केला. मग म्हणाले, "पाखराला आत्ताच मोकळं करू. मुलांनाही शिकायला मिळेल."

मोखाड्याबाहेर रस्त्यालगत करवंदीच्या जाळ्यांचा माळ आहे, तिथे सगळे गेले. मोबाइल वर झाले. साहेबांनी दार उघडलं. बुवा बाहेर आला, दोन पावलं चालला आणि गर्दीतून नेमका ढवळूच्या पायाशी जाऊन उभा राहिला.

"पाहिलंत, माणसाची सवय कशी लावलीय!" साहेब म्हणाले. "हाकला त्याला."

वनरक्षकाने काठी आपटली. बुवा दचकला, पुन्हा ढवळूकडे वळला. पुन्हा काठी. तेव्हा तो फडफडत जाळीत शिरला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुदर्शन गुरुजींनीही वाजवल्या.

ते वर्गात शिकवत आले होते, की कोंबडीमागे वाढलेल्या पिल्लाला रान कळत नाही. कोल्हा कळत नाही. ज्या माळावर आधीच दुसऱ्या नराची हाक आहे, तिथे हा सवयीने मान ताणून ओरडणार आणि मार खाणार. एवढं एक वाक्य साहेबांना सांगायचं होतं. साहेबांनी ऐकलंही असतं. पण मग ते विचारणार, तुम्हाला कसं माहीत? गुरुजींचे हात टाळ्या वाजवत राहिले. आपल्याच हातांचा आवाज त्यांना ऐकू येत होता.

संध्याकाळच्या आत फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरला. 'तितराला जीवदान.' फोटोच्या कडेला ढवळू होता, आणि गळ्यातली माळ स्पष्ट दिसत होती.

*

दुसऱ्या दिवशी गुरुजी पाड्यावर गेले. पुतळी दारात नागली पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"ते नायत घरी. कालपासून माळावर हायत. पाखराला हाका मारतात."

"पुतळीबाई, मी..."

"बाजारात गेलते मी. ती किराणावाल्याची बायको म्हनं, माळ घालून लपून तितर खातो व्हय गं तुझा दादला? मी काय सांगू तिला? मंडळीतल्या दोघा जनांनी निरोप पाठवला, सप्त्याला आला तं मागं बस म्हनावं." ती पाखडत राहिली. "गुरुजी, फासकी चुलीत टाकली त्या दिवशी घरात तोंडी लावायला कायपन नव्हतं. ह्यांनी मीठ-भाकर खाल्ली अन् म्हनले, गुरुजींनी सांगलंय. अन् तुमी म्हनलात, मला ठाव नाय."

गुरुजी उभेच होते.

"बसा म्हनत नाय मी आज," पुतळी म्हणाली. आणि मग, सुपावरून नजर न काढता, "पानी देऊ काय?"

त्यांना पाणीही मागवेना.

*

सप्ताहाचा सहावा दिवस. महाराज घाटावरचे होते, मोठे रसाळ. त्यांचं कीर्तन म्हणजे ओल्या मातीत बी टाकावं तसं; माणूस घरी गेला तरी आत काहीतरी उगवत राहावं. त्या संध्याकाळी निरूपण वाणीवर होतं. देवाने कंठ दिला तो कशाला? महाराज हळूहळू चढत गेले, मंडप डोलायला लागला. गुरुजींची बोटं पट्ट्यांवर फिरत होती, पण डोळे मिटत नव्हते. पेटीलगतची जागा रिकामी होती. ढवळू आला नव्हता, मागेही नाही.

आणि महाराजांनी दृष्टांत घेतला.

"तुमच्याच तालुक्यातली परवाची गोष्ट सांगतो. एक माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आणि घरात पिंजरा! पिंजऱ्यात पाखरू! पाखराला म्हणतो, तू गा रे हरीचं नाव, म्हणजे तुझे भाऊबंद येतील... आणि माझी कढई भरेल!"

मंडप हसून कोसळला. टाळकऱ्यांतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "आपलाच की रं तो!" आणि पुन्हा हशा.

पेटीचा स्वर तुटला.

महाराजांनी मागे वळून पाहिलं. गुरुजींचा भात्यावरचा हात थांबला होता. ते उठून उभे राहिले. पेटीमागे बसणारा माणूस कीर्तनात उठत नाही, म्हणून सगळेच बघायला लागले.

"महाराज, ते पाखरू पकडलेलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. आवाज इतका बारीक की मागचे म्हणाले, मोठ्यानं! "त्याने ते राबाच्या जाळातून वाचवलं होतं. प्रदर्शनात मी आणायला लावलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला माहीत नाही. तो उभा होता समोर. त्याने माझं नाव घेतलं नाही. आणि पाखरू सोडलं तेव्हा... ते जगणार नाही हे मला कळत होतं. मी टाळ्या वाजवल्या."

एवढं बोलून पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. बसावं की जावं? बायकांच्या बाजूला एक मूल रडत होतं, तेवढाच आवाज. समोर शाळेतली पोरं बसली होती. त्यांच्याकडे बघणं सगळ्यात कठीण होतं.

 महाराजांनी गळ्यातला हार काढला, पण पेटीवर ठेवला नाही, गुरुजींनाही घातला नाही. तो त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला.

"दृष्टांत माझा चुकला, मंडळी," ते म्हणाले. "न विचारता मी ऐकीव घेतलं. गुरुजी, स्वर द्या."

गुरुजी बसले. स्वर दिला. त्या संध्याकाळी त्यांची बोटं तीनदा चुकली, आणि कोणीच त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. ते न पाहणंच त्यांना जास्त लागलं.

*

सकाळी शाळेच्या आधी ते वनखात्याच्या कचेरीत जाऊन जे घडलं ते लिहून देऊन आले. कारकून म्हणाला, "मिटलं होतं की हो. आता तुमच्या वरच्यांना पत्र जाईल." ते म्हणाले, "जाऊ दे." बाहेर आल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

माळावर ढवळू करवंदीच्या जाळीआड उकिडवा बसला होता. डोळे तांबारलेले, ओठ फुटलेले. गुरुजींना पाहून तो उठला नाही, पण थोडा बाजूला सरकला. गुरुजी शेजारी बसले.

"मी काल सगळ्यांसमोर..."

"पुतळीनं सांगलं." ढवळूने समोरून नजर काढली नाही. "नोकरीचं काय होईल तुमच्या?"

"बघू."

"बरं केलं नाय ते. तुमाला पोरं-बाळं हायत." मग म्हणाला, "पर ऐकून झोप लागली जरा."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. गुरुजींनीही तसं विचारलं नाही.

ढवळूने दोन्ही तळवे तोंडापाशी नेले आणि हाक दिली. हुबेहूब. मान ताणून, एकात एक अडकत जाणारी, माळाच्या टोकापर्यंत जाणारी. 

पलीकडच्या उतारावरून उत्तर आलं.

"बुवा!" गुरुजी अर्धवट उठले.

ढवळूने मान हलवली. "आपला नाय. ह्यो हितला मालक." त्याने पुन्हा हाक दिली, जरा वेगळी, घरगुती, दाणे टाकताना द्यावी तशी. पुन्हा उतारावरून उत्तर आलं, आता जवळून. गवत हललं. एक नर जाळीबाहेर येऊन उभा राहिला. पिसं फुललेली, मान ताठ, डोळ्यांत राग. आपल्या जागेत कोण शिरलं ते बघायला तो धावत आला होता. त्याची मान रक्ताळलेली होती, आणि ते रक्त वाळलेलं होतं.

गुरुजींनी ते पाहिलं. ढवळूनेही पाहिलं. इथे झुंज होऊन गेली होती.

ढवळूचे तळवे पुन्हा तोंडापाशी गेले होते. ते त्याने हळूच खाली घेतले.

"ह्यो बापडा सारखा भांडायला धावंल," तो कुजबुजला. "मी नाय आता बोलवत."

तो नर बराच वेळ इकडेतिकडे बघत होता. कोणी दिसेना तेव्हा त्याने एकदा जोरात हाक दिली आणि चरत चरत उताराला लागला. ढवळूने गुडघ्यांवर हात ठेवले, तळवे उघडे. वरून उन्हं आली. शाळेची वेळ होऊन गेली तरी गुरुजी उठले नाहीत. दोघं जाळीआड तसेच, तोंडं मिटून, कान लावून बसून राहिले.